देवू पागधरेचं वसतिगृह

देवू पागधरे पहिल्यांदा मासवणला गेला तेव्हा दहा वर्षांचा होता. तारापूरच्या मांगेलवाड्यातल्या बायका त्या काळी सुके बोंबील आणि मांदेली टोपलीत भरून डोंगराकडच्या पाड्यांवर नेत आणि बदल्यात भात, नागली, वाल घेऊन येत. देवूची आई गोदूबाई त्यांतलीच. नवरा दम्याने घरी बसला होता, त्यामुळे होडी दुसऱ्याच्या हातात आणि घर तिच्या डोक्यावरच्या टोपलीत. त्या खेपेला तिला पाड्यावरच ताप भरला. एका वारली कुटुंबाने तिला घरात घेतलं. अकरा दिवस तिला पेज पाजली आणि देवूला आपल्या मुलाबरोबर जेवायला बसवलं. त्या मुलाचं नाव नवशा. दोघं दिवसभर सूर्या नदीत खेकडे धरत. परतताना गोदूबाईने उरलेली सगळी सुकी मासळी त्या घरात ठेवली, तर नवशाच्या बापाने तिच्या टोपलीत परत भात भरला.

देवू दुसरीपर्यंतच शाळेत गेला. पुढे होडीवर. त्याच्या शेजारचा महादू मात्र शिकला, मास्तर झाला. दोघांचं जन्मसाल एक, दोघांचे बाप एका होडीवरचे. सन ब्याऐंशीमध्ये देवू एका दलालाच्या ओळखीने आखातातल्या फुजैराला गेला, तेव्हा मुंबईपर्यंत पोचवायला महादूच आला होता. निघताना तो म्हणाला, "आईची काळजी नको करू. पत्र मी लिहीन, तुझं आलेलं मी वाचीन."

आणि त्याने ते केलं. वीस वर्षं गोदूबाईचं प्रत्येक पत्र महादूच्या अक्षरात फुजैराला गेलं. तिकडे ते एक मलबारी कारकून अडखळत वाचून दाखवायचा, देवू उत्तर सांगायचा आणि ते उत्तर इकडे महादू गोदूबाईला वाचून दाखवायचा. देवूचं लग्न आनंदीशी ठरलं ते महादूच्या पत्रातून. बाप गेला ते महादूच्या पत्रातून कळलं. आई गेली तेव्हा पत्रांचा काळ संपला होता. तेव्हा महादूचा फोन आला आणि अग्नीही महादूनेच दिला, कारण देवूला पोचायला चार दिवस लागले.

फुजैराच्या बंदराबाहेर तेलासाठी थांबलेल्या जहाजांची रांग असते. त्या जहाजांना भाजी, मटण, दोरखंड, पिण्याचं पाणी पोचवणाऱ्या लाँचवर देवू खलाशी म्हणून लागला. समुद्र त्याला नवा नव्हता. कितीही लाट असो, माल भिजवायचा नाही आणि दिलेल्या वेळेला पोचायचं, एवढं त्याने धरून ठेवलं. नव्याण्णव साली त्याची स्वतःची एक लाँच झाली. दहा वर्षांत तीन लाँच, एक गोदाम, चाळीस माणसं. हिंदी, अरबी, थोडी मल्याळी आणि कप्तानांना हसवण्यापुरती ग्रीक, एवढ्या भाषा तो बोलायचा. वाचता मात्र एकही यायची नाही. सही करायला शिकला होता आणि ती झोकदार करायचा. बाकीचं लोकांना कळू द्यायचा नाही. चष्मा विसरलो म्हणायचा.

वसतिगृहाची कल्पना त्याला एका म्हाताऱ्या ग्रीक कप्तानाने दिली. कप्तानाने त्याला आपल्या बेटाचा फोटो दाखवला. बंदरावर पांढरी दुमजली शाळा होती. ती कोणी बांधली, तर शंभर वर्षांपूर्वी त्या बेटावरून इजिप्तला जाऊन कापसाच्या व्यापारात मोठा झालेल्या एका माणसाने. कप्तान म्हणाला, आमच्याकडे परदेशात पैसा कमावलेला माणूस गावाला काही बांधून देतो, नाहीतर म्हातारपणी गावात तोंड दाखवायची त्याला लाज वाटते. मग त्याने सहज विचारलं, "तू काय बांधलंस?"

देवूने तारापूरजवळच्या पाम गावात स्वतःचा बंगला बांधला होता. ते त्याला सांगवेना.

त्या वर्षी सुटीत तो महादूला घेऊन मासवणला नवशाकडे गेला. दिवाळी झाली की पाड्यावरची निम्मी घरं वीटभट्ट्यांवर जातात, सोबत पोरीही जातात, शाळा सुटते ती सुटतेच, हे त्याला लहानपणापासून दिसत होतं. मुलींसाठी वसतिगृह बांधायचं ठरलं. आदिवासीची जमीन विकत घेता येत नाही. नवशाने रस्त्याकडेची आपली वीस गुंठे जमीन त्यासाठी काढलेल्या संस्थेला वापरायला लिहून दिली. कागदावर महादूने शब्द घातले: मुली इथे राहून शिकतील तोपर्यंत. नवशाने विचारलं, "आनि नाय शिकल्या तर?"

देवू म्हणाला, "तर जमीन तुझी. माझा शब्द हाय."

नवशाने अंगठा दिला.

वसतिगृह दोन हजार दहाच्या जूनमध्ये सुरू झालं. तीस मुली, दोन स्वयंपाकिणी, एक अधीक्षिका. देवू अध्यक्ष, महादू सचिव. दहा वर्षं ते चाललं आणि चांगलं चाललं, हे त्याच्या विरोधातले लोकही सांगतात. त्यातल्या दोन मुली आज पालघरला नर्स आहेत. देवू दरवर्षी सव्वीस जानेवारीला यायचा, झेंडा फडकवायचा, शाल घ्यायचा. अधूनमधून फुजैराहून व्हिडिओ कॉल करायचा. महादू फोन फिरवायचा, मुली उभ्या राहून हात हलवायच्या. देवू तो फोन आपल्या लाँचवरच्या माणसांना दाखवायचा. बोईसर भागात त्याला देवूशेठ म्हणू लागले होते आणि ते त्याला आवडायचं. नवशा तेवढा देवूच म्हणायचा.

वीस सालच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि मुली घरी गेल्या. पुढची जवळजवळ तीन वर्षं देवूला येता आलं नाही. आधी विमानं बंद होती, मग हृदयाची शस्त्रक्रिया झाली. शाळा पुन्हा उघडल्या तेव्हा महादू म्हणाला, मुली आल्यात, सगळं पहिल्यासारखं चालू आहे. फोटो पाठवायचा. एकवीसच्या दिवाळीत त्याने कुरियरने काही कागद पाठवले. संस्थेच्या नूतनीकरणाचे आहेत, म्हणाला. देवूने जिथे खुणा होत्या तिथे सह्या करून परत धाडले.

तेवीसच्या जानेवारीत डॉक्टरांनी बजावल्यावर देवूने धंदा आवरायला घेतला आणि कोणाला न कळवता कायमचा निघून आला. विमानतळावरून गाडी केली. मनोरवरून पालघरकडे येताना वाटेत मासवण लागतंच. खजुराचे सहा खोके त्याने खास मुलींसाठी आणले होते. ड्रायव्हरला म्हणाला, पाच मिनिटं थांब.

वसतिगृहाच्या कठड्यावर कारखान्याचे निळे ओव्हरऑल वाळत होते. व्हरांड्यात चार-पाच माणसं स्टोव्हवर चपात्या भाजत होती. दारावरचा 'मुलींचे वसतिगृह' हा फलक नव्हता, त्याचे खिळे होते. एक तरुण उठून आला.

"किसे ढूँढ रहे हो, चाचा?"

"यहाँ लड़कियाँ रहती थीं," देवू म्हणाला.

"लड़कियाँ?" त्याने मागे वळून इतरांकडे पाहिलं. "हम तो साल भर से हैं। ठेकेदार का कमरा है। धर्मेश सेठ का।"

धर्मेश म्हणजे महादूचा मुलगा. तारापूरच्या कारखान्यांना माणसं पुरवण्याचं काम करायचा. लहान असताना देवूने त्याला फुजैराहून पहिली सायकल धाडली होती.

देवू आत गेला. मुलींच्या खोल्यांत एकावर एक लोखंडी खाटा होत्या, भिंतीवर मुलींनी काढलेल्या पाढ्यांच्या तक्त्यावर तेलाचे डाग होते. माणसं बावरली होती. त्यांचा काही दोष नव्हता. बिहारहून आलेली पोटापाण्याची माणसं, त्यांनी त्याला बसायला बादली उपडी घालून दिली आणि पाणी दिलं. तो पाणी प्यायला, खजुराचे खोके तिथेच ठेवले आणि चालत पाड्याकडे गेला.

नवशा अंगणात बांबू तासत होता. त्याने देवूला पाहिलं, पण उठला नाही.

"या, शेठ," तो म्हणाला.

देवूला त्या शब्दानेच कळलं की जे झालं ते याला ठाऊक आहे. तो म्हणाला, "नवशा, मला काय म्हाईत नव्हतं."

"कागद आला तवा तुमची सही होती त्यावर. मास्तर वाचून दावत होता. शेठनीच सांगितलंय, बोलला. आता पोरी नाय, कामगार ऱ्हातील, जमीन संस्थेकडंच ऱ्हानार. मी बोललो, देवू असा नाय करनार. तर तुमची सही दावली. तुमची सही मी वळखतो, झेंड्याच्या दिवशी वहीत करता ती." नवशाने कोयता खाली ठेवला. "मग मी अंगठा दिला. तुमीच शब्द मोडला तर मी कुनासंगं भांडू?"

"तू मला एक फोन करायचास."

"नंबर मास्तरकडं."

 देवूने विचारलं, "भाग्यश्री कुठं हाय?" भाग्यश्री नवशाची नात. वसतिगृह बंद पडलं तेव्हा ती सहावीत होती आणि गणितात पहिली यायची. झेंड्याच्या कार्यक्रमात तीच भाषण करायची.

"भट्टीवर. आईबापासंगं. दोन वर्सं झाली."

पामच्या बंगल्यात तो पोचला तेव्हा दुपार कलली होती. आनंदी दार उघडून चकितच झाली. तो चप्पल न काढता ओटीवर बसला आणि मासवणला काय पाहिलं ते सांगू लागला. सांगताना त्याला दिसलं की तिला आश्चर्य वाटत नाही.

"तुला म्हाईत होतं?"

तिने पदराने हात पुसले. "बोईसरच्या बाजारात कळलेलं. ते कामगार ऱ्हायला गेले तवाच."

"वर्सभर? रोज फोनवर बोलत होतीस माझ्याशी."

"तुमच्या छातीचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. काय सांगनार होते?"

"नंतर सांगायचं."

 आनंदी जे बोलली ते त्याने पुढे गावातल्या आम्हा दोघा-तिघांना शब्दशः सांगितलं, म्हणून इथे लिहितो आहे. ती म्हणाली, "तुमी वर्सातनं पंधरा दिवस येनार. बाकीचं वर्स मला महादूभाऊच होते. गॅस आनायला ते, दवाखान्यात न्यायला ते. सासूबाई गेल्या तवा रातभर बसायला ते. त्यांच्या विरोधात बोलून मी या गावात कुनाकडं बघून ऱ्हायचं होतं?"

त्यावर तिला रागावण्याचा आपल्याला हक्क नाही, हे त्याला समजत होतं. तरी तो रागावला. त्या दिवसापासून महिनाभर दोघं जेवणापुरतंच बोलली.

महादू मास्तर निवृत्तीनंतर मुलाबरोबर कुंभवलीला राहत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी देवू तिथे गेला. महादूने चहा मागवला. धर्मेश घरात होता, पण बाहेर आला नाही.

"तू सांगून आला असतास तर मी आलो असतो घ्यायला," महादू म्हणाला.

"फोटो कुठले पाठवत होतास?"

"जुने."

"कशाला?"

"तू आजारी होतास. तुला बरं वाटायचं." महादूने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघ देवू, पोरी परत येतच नव्हत्या. पाचसहा आल्या असत्या. अधीक्षिका सोडून गेली. इमारत पडून होती. धर्मेशला माणसांच्या राहण्याची सोय दाखवल्याशिवाय काम मिळत नव्हतं. त्याला दोन मुली आहेत. मी काय करायचं होतं?"

"मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाला असतास."

"होय, म्हणालोच असतो."

 महादू जरा चढ्या आवाजात म्हणाला, "कागद तुझ्याकडं आला होता. सही तू केलीस. मी काही तुझा हात धरला नाही. वाचून घ्यायचं होतंस."

"कोनाकडून वाचून घेऊ?" देवूने विचारलं.

 घरची पत्रं सोडली तर चाळीस वर्षांत देवूने मराठी कागद कोणाकडून वाचून घेतला असेल तर याच माणसाकडून. चहा आला तो देवूने घेतला नाही. उठताना त्याने एवढंच विचारलं की आईला माझी पत्रंसुद्धा अशीच वाचून दाखवलीस का, तिला बरं वाटेल तेवढीच. महादूने उत्तर दिलं नाही, आणि देवूच्या मनात त्या सगळ्या पत्रांबद्दल संशय शिरला तो कायमचा. मला विचाराल तर इमारत गेल्यापेक्षा त्याला हेच जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात तो भिवंडीच्या बाजूला, भाग्यश्री होती त्या भट्टीवर गेला. पंधरा वर्षांची मुलगी कच्च्या विटा पलटत होती. तो म्हणाला, चल, पालघरला चांगल्या शाळेत घालतो, राहायची सोय करतो.

"आता मी सातवीत बसू का? माझ्यासंगच्या नववीत हायत."

"बसलीस तर काय बिघडलं?"

ती हसली, पण ते आदबीचं हसू होतं, पाहुण्यासाठी ठेवलेलं. "शेठ, तुमचा फोन आला का मास्तर आमाला उभं करायचे. आमी हात हालवायचो. तुमी कधी काय विचारलं नाय. विचारलं असतं तर आमी सांगितलं असतं, का आमाला परत यायचंय. मास्तरांकडं आमी एकदा, तुमचा फोन आलाय का, म्हनून विचारायला गेलतो. ते बोलले, शेठ आता बंद करनार हायत."

तिला कोणावर राग आहे असं तिच्या बोलण्यावरून वाटत नव्हतं. दोन वाक्यांच्या मध्ये तिने सहा विटा पलटल्या. देवू परत आला.

गावातल्या मोठ्या माणसांनी त्याला समजावलं. महादू आपला माणूस, घरातलं घरात मिटवू, तू दुसरीकडे नवं वसतिगृह बांध, पाहिजे तर आम्ही जागा देतो. तुझी कीर्ती कमी होणार नाही. हे बोलणारे बहुतेक जण वर्षभरापासून सगळं जाणून होते. देवूने ते ऐकून घेतलं आणि पालघरला जाऊन तेजल मेहेर या तरुण वकीलबाईंना गाठलं.

तिने कागद पाहिले आणि म्हणाली, "काका, सही तुमची आहे. फसवून घेतली हे सिद्ध करायचं तर एकच गोष्ट आहे. तुम्हाला वाचता येत नाही, हे तुम्हाला शपथेवर लिहून द्यावं लागेल. आणि सुनावणीत सगळ्यांसमोर सांगावं लागेल."

तो बराच वेळ बाहेरच्या बाकावर बसून होता. मग आत येऊन म्हणाला, लिहा.

आधी तो मासवणच्या ग्रामसभेत उभा राहिला. नवशा मागच्या बाजूला होता. देवूने सांगितलं की मी दुसरी शिकलो, मला कागद वाचता येत नाही, ज्याच्यावर विश्वास ठेवला त्याने सांगितलं तिथे सही केली. सही माझी आहे, म्हणून नवशाचं जे गेलं ते माझ्यामुळे गेलं. ज्याच्या नावाने वसतिगृह चाललं तो देवूशेठ निरक्षर आहे, हे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बोईसरला पोचलं. काही जण हसले. फुजैराला त्याच्या गोदामातल्या जुन्या कारकुनालाही कोणीतरी ते कळवलं.

सुनावणीला महादू आला. त्याच्या वकिलाने विचारलं, चाळीस माणसांचा धंदा चालवणारा माणूस निरक्षर कसा? देवूला एक छापील पान देऊन वाचायला सांगितलं. त्याने पान हातात धरलं. पहिला शब्द अक्षर-अक्षर लावून वाचला, दुसऱ्याची दोन अक्षरं म्हणून अडला. तो पासष्ट वर्षांचा होता आणि खोलीत पंधरा-वीस लोक होते. महादू खिडकीबाहेर बघत राहिला. तेजल वकील सांगते की त्या क्षणी महादू मास्तरांच्या ओठांवर तो दुसरा शब्द आला होता, सवयीने.

पंधरा महिन्यांनी निकाल लागला. नवा कागद रद्द झाला. मूळ कागदात मुली शिकतील तोपर्यंत असं होतं आणि मुली नव्हत्या, म्हणून जमीन इमारतीसह नवशाकडे परत गेली. धर्मेशने माणसं दुसरीकडे हलवली. जाताना पंखे, नळ, दारांच्या कड्या काढून नेल्या.

देवू नवशाकडे गेला. म्हणाला, दुरुस्त करून देतो, पुन्हा सुरू करू. या वेळी मी इथंच राहीन, रोज येईन.

 नवशाने बायकोला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. मग म्हणाला, "नको. तुजा दोष नाय, हे मला कळलं. पन आता मी कुनाला माजी जागा देनार नाय. तुला बी नाय. भात ठेवीन त्यात."

देवू हो म्हणाला. तिथे आता भाताच्या कणग्या आहेत आणि एका खोलीत नवशाचा धाकटा मुलगा राहतो.

महादू आणि देवू एकाच गावच्या लग्नकार्यात दिसतात. एका अंत्ययात्रेत तर दोघं शेजारी चालले. बोलले नाहीत. आनंदी अजून महादूच्या घरी सणाला जाते. देवू तिला अडवत नाही आणि विचारतही नाही.

गेल्या जूनमध्ये पाड्यावरच्या चार मुलींना दूरच्या सरकारी आश्रमशाळेत घालायचं ठरलं. न्यायला गाडी नव्हती. नवशाने देवूला फोन केला. आता नंबर त्याच्याकडे होता. देवूने स्वतः गाडी चालवली, पोरी मागे, नवशा पुढे. शाळेच्या कार्यालयात बाईंनी फॉर्म दिले. देवूने ते सरळ नवशाच्या बरोबर आलेल्या एका दहावीच्या मुलीकडे दिले आणि म्हणाला, सगळं मोठ्याने वाच, एक ओळ सोडू नको. ती वाचत गेली, सगळे ऐकत उभे राहिले. बाईंना ते विचित्र वाटलं असावं.

"आणि हे कोण?" त्यांनी देवूकडे बघत नवशाला विचारलं. "मुलींचे कोणी लागतात?"

नवशाने क्षणभर विचार केला.

"नाय," तो म्हणाला. "वळखीचे हायत. गाडी घेऊन आले."